रिकामं भांडं परत देऊ नये

९ सप्टेंबर, नॉटिंगहॅम

ब्रेंडाने आज डबा परत आणून दिला. धुतलेला, पुसलेला, चकचकीत आणि रिकामा. शेजारी राहायला लागून सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मी तिला साटोरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत काय काय दिलं असेल, त्याची गणती नाही. बाईने एकदाही डब्यात चमचाभर साखर घालून तो परत केलेला नाही. माझी आई वाटीभर विरजण आणलं तरी त्याच वाटीत चार शेंगदाणे टाकून पाठवायची. रिकामं भांडं परत देऊ नये, इतकी साधी गोष्ट आहे. शेखरला म्हटलं, तर म्हणाला, "अगं, तिने धुऊन दिलाय ना, तेच तिचे शेंगदाणे समज." तीस वर्षं छातीचे रोग तपासलेल्या बाईने डब्यावरून चिडावं, याची माझ्या नवऱ्याला गंमत वाटते. वाटू दे.

परवा निघायचं. बेसिंगस्टोकचा शशिधर आठवडाभर आयटीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एक छोटी संस्था चालवतो. तिच्यातर्फे मी सहा आठवडे पॅसिफिकमधल्या तेबोनू बेटावर जाते आहे. बेट आपल्या वॉलटन पार्कपेक्षा लहान आणि त्यावर नऊ हजार माणसं. घराघरात टीबी. ज्या रोगाची औषधं माझ्या जन्माआधी सापडली, त्या रोगाने माणसं अजून मरतात, हे वाचलं की माझं डोकं फिरतं. रिटायर होऊन घरी बसून डोकं फिरवून घेण्यापेक्षा तिथे जाऊन फिरवलेलं बरं.

बॅगेत लाडू, चकल्या आणि चिवडा घेतला. आणि स्टीलचा डबा. शेखर म्हणाला, "तिकडेही डबा?" मी डबा कपड्यांमध्ये खोचला.

१५ सप्टेंबर, तेबोनू

चार विमानं बदलून पोचले. शेवटच्या विमानात शेजारी एक गोरा पाहुणा होता. खिडकीतून फोटो काढता काढता म्हणाला, एवढ्याशा जागेत हे लोक इतकी पोरं का काढतात कोण जाणे. मी त्याला विचारलं, आजूबाजूच्या वीस बेटांसाठी दवाखाना एकच, शाळा एकच, आणि दोन्ही इथे. मग माणसांनी जायचं कुठे? त्याने कानात वायर घातली. दया दाखवणारी माणसं मला अपमान करणाऱ्यांपेक्षा जास्त डोक्यात जातात.

घराला घर चिकटलेलं. एका घरात कोणी खोकलं, की तिसऱ्या घरातलं पोर झोपेतून उठतं. दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, मधे माणसं. मेलेल्यांना वेगळी जागा नाही, म्हणून थडगी अंगणातच, आणि त्यांवर कपडे वाळत घातलेले. दवाखाना तीन खोल्यांचा. तारोती नावाची नर्स तो एकटीने चालवते. तिला इंग्रजी उत्तम येतं आणि ती गरजेपुरतंच बोलते.

माझी खोली दवाखान्याच्या मागे. तिच्या भिंतीला लागून रोटाचं घर. रोटा पन्नाशीची, दणकट, मोठ्या हाडाची. संध्याकाळी तिने इनॅमलच्या वाडग्यात भात आणि तळलेला मासा आणून दिला. छान होता. वाडगा घासला आणि त्यात दोन लाडू, चार चकल्या घालून लगेच परत नेऊन दिला. रोटाने आत पाहिलं आणि तिचा चेहरा जरा पडला. चकली बघून घाबरली असेल.

१८ सप्टेंबर

आज एकतीस पेशंट. त्यातली एक रोटाचीच सून, तेबोरा. तेवीस वर्षांची. थुंकीत जंतू, डाव्या फुप्फुसात खड्डा, वजन ३९.२ किलो. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षाने येणार. कडेवर चौदा महिन्यांची मुलगी, अजून अंगावर पिणारी. पोरीला औषध चालू केलं आहे, तिची काळजी नाही. मला काळजी आईची. या अंगावर हा रोग आणि वर दूध पाजणं, म्हणजे तिने खाल्लंच पाहिजे. वजन वाढलं तर ती जगेल. नाही वाढलं तर मी काही लिहीत नाही.

त्यासाठीच तर शशिधरने माझं ऐकून शिधा मंजूर केला आहे. टीबीच्या प्रत्येक पेशंटला रोज दोन अंडी, दुधाची पावडर आणि शेंगदाणे. अंडी विमानाने येतात, कारण बेटावर कोंबड्या ठेवायला जागा नाही. सकाळी पेशंट येतो, तारोतीसमोर गोळ्या गिळतो, शिधा घेऊन घरी जातो. तेबोराच्या हातात अंडी मी स्वतः ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि हसली. पुढचा एक दात किडला आहे.

२१ सप्टेंबर

रोटा आता रोज संध्याकाळी येते. मी वाडगा भरून दिला, तो तिने भरून आणला. मग मी माझा डबा भरून दिला, तो तिने भरून आणला. आता डबाच फिरतो आहे. लाडू संपले, चिवडा चालू आहे. खरं सांगते, बरं वाटलं. नॉटिंगहॅममध्ये सव्वीस वर्षांत जे जमलं नाही, ते इथे सहा दिवसांत जमलं. आपल्यासारखीच रीत असलेली माणसं जगाच्या टोकाला भेटावीत, याचं मला कौतुक वाटतं.

आज डब्यात भात, मासा आणि दोन उकडलेली अंडी होती. शेखरला फोनवर सांगितलं. म्हणाला, "मजा आहे तुझी. इथे मी टोस्ट खातोय."

२५ सप्टेंबर

तेबोरा ३८.८. घटलं. औषधं नीट चालली आहेत, लघवी नारिंगी आहे, म्हणजे गोळी पोटात जाते. मग अन्न कुठे जातं? तारोतीला विचारलं, ही घरी अंडी खाते का? ती म्हणाली, "अंडी घरी जातात, डॉक्टर." हे काय उत्तर झालं.

दवाखान्यातच माझ्यासमोर खायला लाव, म्हटलं. तारोती म्हणाली, "इतक्या लोकांसमोर एकटीने खायचं? ती नाही खाणार. इथे तसं कोणी करत नाही." लाज वाटते म्हणे. मरायला लाज नाही वाटत, खायला वाटते. मी हे तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते आहे.

२७ सप्टेंबर

रोटाने जेवायला बोलावलं. आज जे पाहिलं, त्याने माझं पित्त खवळलं.

चटई घातली. सगळं अन्न माझ्यापुढे मांडलं. मासा, भात, ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस, अंड्याची पोळी, दुधाच्या पावडरीचं खिरीसारखं काहीतरी. रोटा शेजारी बसून पंख्याने माशा वारत होती. घरातली बाकी आठ माणसं भिंतीला टेकून बसलेली. सर्वांत मागे, दाराजवळ, पोरीला मांडीवर घेऊन तेबोरा. तिच्यापुढे ताट नाही, पाणीसुद्धा नाही. मी खुणेने म्हटलं, तिला द्या. रोटा मान हलवून हसली आणि माझ्याच ताटात आणखी वाढलं.

सासू ती सासूच. जगाच्या पाठीवर कुठेही जा. माझ्या स्वातीमावशीला तिच्या सासूने अशीच दाराशी बसवून वाळवली होती. त्या घरातही पाहुण्यांचा पाहुणचार दृष्ट लागण्यासारखा असायचा.

पोट तुडुंब भरलं होतं, पण पानात टाकायचं नाही, हे हाडात मुरलंय. शेवटच्या शितापर्यंत संपवलं. भांडी पार लख्ख केली. भिंतीजवळच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहुणीची भूक बघून गंमत वाटली असेल.

२ ऑक्टोबर

३८.१.

मी तारोतीवर ओरडले. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. या बेटावर सगळ्यांना सगळं माहीत असतं, भिंतीच पातळ आहेत. तरी एक माणूस त्या सासूविरुद्ध बोलायला तयार नाही. घरच्या गोष्टी घरात ठेवायच्या, ही इज्जतीची कल्पना मला चांगली ओळखीची आहे. आमच्याकडे तिच्यापायी किती पोरी गेल्या.

वरदाचा ब्रॅकनेलहून फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण आई, तिथे हेन्सच नाही म्हणते ना तू? मग तू कोणाचा अंडी खातेय?"

"कोणाची अंडी, वरदा. दुकानातून आणत असेल रोटा."

"दुकानमध्ये मिळते का अंडी?"

"असतील. मी काय दुकानं बघत फिरते का? तुला इथली परिस्थिती माहीत नाही, बाळा. तुम्हाला तिकडे बसून प्रश्न विचारणं सोपं असतं."

"ओके, ओके. मी फक्त आस्क केलं." तिने फोन ठेवला.

फराळाचं संपलं. आता डब्यात बिस्किटांचा पुडा घालून पाठवते. पुडा रोटाच्या दारातच फुटतो आणि डोळ्यांदेखत सात घरांत वाटला जातो. इथे कोणी मागितलं, की नाही म्हणायचं नसतं. तेबोराच्या वाट्याला अर्धं बिस्किट आलं. ते तिने पोरीच्या तोंडात घातलं.

७ ऑक्टोबर

३७.६. आज निर्णय घेतला. शशिधरला आणि लांबच्या मोठ्या बेटावरच्या टीबी वॉर्डला रिपोर्ट पाठवला. स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे. पेशंटची घरी सासूकडून उपासमार होते आहे, जिवाला धोका आहे, पेशंटला ताबडतोब घरापासून दूर हलवावं, किमान दोन महिने. वॉर्डात लहान मुलं नेऊ देत नाहीत. मला ते माहीत आहे. पोरीचं दूध तुटेल, हेही माहीत आहे. पण आई जिवंत राहिली तर पोरीला आई राहील. तीस वर्षं असेच निर्णय घेतले आहेत आणि बहुतेक बरोबर आले आहेत.

शशिधरचं उत्तर तासाभरात. "ताई, तुम्ही तिथे आहात म्हणून हे बाहेर आलं. ग्रेट वर्क."

१० ऑक्टोबर

हे सगळं आज लिहायचं आहे, एकही ओळ गाळायची नाही.

सकाळी बोट आली. तेबोराने दवाखान्यात येऊन गोळ्या घेतल्या, नेहमीप्रमाणे शिधा घेतला, घरी जाऊन ठेवला आणि रिकाम्या हातांनी धक्क्यावर आली. पोर तिच्या झग्याला चिकटलेली. सोडवताना झग्याची शिवण उसवली. तेबोरा रडली नाही. बोटीत आमच्याकडे पाठ करून बसली. पोर धक्क्यावर रोटाच्या कडेवर इतकी किंचाळत होती की शेवटी आवाज बसला.

मला राग होता. तो मी तिथेच काढला. तारोतीला म्हटलं, सांग हिला, की हे हिच्यामुळे झालं. सांग, की सुनेच्या तोंडचा घास काढला म्हणून तिला न्यावं लागलं. तारोती म्हणाली, "नको, डॉक्टर." मी म्हटलं, सांग. तारोतीने सांगितलं. चारशे माणसं धक्क्यावर होती. रोटा पोरीला घेऊन घरी गेली.

संध्याकाळी रोटा आली. दोन्ही हातांत माझा डबा. खाली ठेवला आणि गेली. आत भात आणि दोन अंडी.

तोंडावर एवढं बोलूनही ही बाई डबा आणते, हा काय प्रकार आहे, असं मी तारोतीला म्हटलं. तारोती फडताळ पुसत होती. ती थांबली.

"ती तेबोराची अंडी आहेत, डॉक्टर. आज सकाळची."

मला आधी कळलंच नाही.

"रोजची तिचीच होती. घरात दुसरं काय आहे? तुम्ही पहिल्या दिवशी वाडगा भरून परत दिलात. इथे भांडं रिकामं परत आलं, की समजायचं, पाहुण्याचं पोट भरलं, आता पुरे. भरून आलं, की समजायचं, अजून हवंय. आणि आलं त्यापेक्षा जास्त द्यायचं. रोटाने शेजारून उसनं आणलं. मग मासेमारीचं जाळं विकलं. मग तेबोराच म्हणाली, डॉक्टरला माझी अंडी द्या, तिच्यामुळेच तर मिळतात."

"आणि त्या दिवशी जेवायला..."

"पाहुण्याचं झालं, की उरलेलं घरच्यांनी खायचं असतं. तुम्ही काही ठेवलं नाहीत."

मी विचारलं, तू मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, पाहुण्याला असं सांगत नाहीत. मग फडकं खाली ठेवून म्हणाली, "आणि तुम्ही विचारत नव्हतात. तुम्ही ओरडत होतात."

डबा समोर आहे. अंडी सोललेली आहेत. शेजारच्या घरात पोर बसलेल्या आवाजात रडते आहे.

११ ऑक्टोबर

काल शशिधरला लिहायला बसले आणि लिहिलं नाही. आज तीन वेळा बसले. पहिल्या मसुद्यात लिहिलं, "सांस्कृतिक गैरसमजामुळे". शी. दुसऱ्यात लिहिलं, की तारोतीने वेळेवर माहिती दिली नाही. ते तर खोटंच. माझी लाज झाकायला तारोतीचं नाव पुढे करत होते. आणि मनात मी रोटाला ढोंगी म्हणत होते.

दुपारी आधी दुसरं काम केलं. अंडी आणि भात काल रात्रीच तारोतीकरवी पोरीसाठी परत पाठवला होता. डबा घासला, पुसला. त्यात काही घालायला हात शिवशिवत होता. एक खडीसाखरेचा खडा तरी, असं दोनदा वाटलं. आईचा चेहरा समोर येत होता. तसाच रिकामा घेऊन गेले.

रोटा दारात बसून जुन्या जाळ्याचे उरलेले तुकडे निवडत होती. मी डबा दोन्ही हातांनी दिला. तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघून तिला येणाऱ्या चार इंग्रजी शब्दांतला एक म्हणाली, "इनफ?"

"इनफ," मी म्हटलं.

तिने तोंडावर हात ठेवून श्वास सोडला. मला तिच्या पाया पडायचं होतं. ते इथे काय समजतील, ठाऊक नव्हतं, म्हणून पडले नाही. आता काही करण्याआधी विचारायचं. तारोतीला बोलावलं. काल जे धक्क्यावर सांगायला लावलं, ते खोटं होतं, चूक माझी होती, हे धक्क्यावरच माणसं जमवून सांग, म्हटलं. या वेळी ती नको म्हणाली नाही.

मग पत्र लिहिलं. "सासूने उपाशी ठेवलं नाही. पेशंटचं अन्न तीन आठवडे मी खाल्लं. तिला घरी परत पाठवा." एवढंच.

१६ ऑक्टोबर

वॉर्डाचं उत्तर. रिपोर्ट एका सहीवर रद्द होत नाही. तुमचाच शेरा आहे, जिवाला धोका. आम्हाला आमची तपासणी करावी लागेल. बोट आठवड्यातून एकच. फार चिडून टेबलावर हात आपटला. नंतर आठवलं, नियम बरोबर आहे. अशा घाईच्या सह्यांसाठीच तो केलेला आहे.

पोरगी रोटाच्या कडेवर असते. आता रडत नाही. भाताची पेज खाते.

२७ ऑक्टोबर, मोठं बेट

परतीचं विमान इथूनच सुटतं. वॉर्डात गेले. तेबोरा स्वच्छ चादरीवर बसलेली. ३९.४. या आठवड्याच्या बोटीने तिला सोडणार आहेत. अडीच आठवडे माझ्या सहीपायी गेले.

पाठ करून ठेवलेलं सगळं सांगितलं. नर्सने तिच्या भाषेत करून सांगितलं. तेबोराने नीट ऐकून घेतलं. मी रडले. ती नाही. तिने एकच गोष्ट विचारली.

"अंडी आवडली ना तुम्हाला?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं. ती हसली, किडक्या दातासकट.

३ नोव्हेंबर, नॉटिंगहॅम

दिवाळी झाली. फराळ शेखरने लेस्टरहून आणून ठेवला होता. ब्रेंडाला नेहमीप्रमाणे डबा दिला. आज ती तो परत घेऊन आली. चौऱ्याऐंशी वर्षं वय, कमरेचं ऑपरेशन झालेलं, एका हातात काठी. डबा जड लागला. उघडला, तर आत शॉर्टब्रेड. कडा करपलेल्या.

"मला माहीतच नव्हतं, डिअर. शेखर म्हणाला, तुमच्यात रिकामा देत नाहीत. इतकी वर्षं मी किती उद्धट वाटले असेन. ओव्हनपाशी उभं राहवत नाही आता, पण पुढच्या वेळी जास्त चांगले करीन."

मी तिला म्हटलं, "ब्रेंडा, प्लीज. रिकामाच देत जा. धुऊन रिकामा. मला तसाच हवाय." तिला वाटलं, बिस्किटं बिघडली. दोन तुकडे तिच्यासमोर खाल्ले तेव्हा गेली. मग शेखरशी भांडले. तो म्हणाला, "सव्वीस वर्षं तूच तर म्हणत होतीस." 

रात्रीच्या जेवणाआधी तारोतीचा मेसेज. तेबोरा पोचली. रोटाने विकलेलं जाळं घरात परत आलं आहे, शशिधरने केलं ते. आता शिधा सगळ्या घराला मिळतो, म्हणून तिच्या वाटचं ती खाते. वजन ३९.९. मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने आकडा वाचला. खाली आणखी एक ओळ होती. मुलगी आईकडे जात नाही. उचललं, की रोटाकडे हात करते.

९ नोव्हेंबर

४०.३.

पोरीचं विचारलं. तारोतीने लिहिलं, "अजून नाही."

१६ नोव्हेंबर

४०.८. शेखर म्हणतो, बघ, जगली ना. जगली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच.